१३ चषक, ८७ मोसम, एकच गाव

गावाची लोकसंख्या १३,८५८, ही २०२० च्या जनगणनेतली. गावातल्या स्टेडियममध्ये हॉकीच्या सामन्याला बसायची सोय १०,५०० जणांची. संघ लीगमध्ये आला १९३८ साली, आणि २०२४-२५ धरून सलग ८७ मोसम त्याच गावातून खेळला. या काळात त्यानं लीगचा चषक १३ वेळा जिंकला. त्याच्याखालोखाल ज्या संघाचं नाव लागतं त्याचे चषक ९, आणि तो संघ ५० वर्षांपूर्वीच संपला.

हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हर्शी. आपल्याकडे दुकानात चॉकलेट सिरपच्या बाटलीवर दिसतं तेच नाव. संघ ‘हर्शी बेअर्स’, खेळ आइस हॉकी. हा संघ पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत खेळत नाही. ती स्पर्धा नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. बेअर्स तिच्या एक पायरी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, एएचएलमध्ये खेळतात. आज दोन्हीकडे ३२-३२ संघ आहेत आणि वरच्या प्रत्येक संघाची खालच्या एकाशी जोडी आहे. वरच्यांनी करारबद्ध केलेली होतकरू पोरं खाली तयार व्हायला पाठवायची, तयार झाली की वर उचलायची. एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दर १० पैकी जवळजवळ ९ जण या शाळेतून गेलेले असतात, असं एएचएल अभिमानानं सांगते.

हर्शीबद्दल लिहिणारे बहुतेक जण चॉकलेटचं गाव, गावाचं हॉकीवेड आणि त्या वेडातून आलेले १३ चषक अशी एकच गोष्ट सांगतात. आकडे जरा सुटे करून पाहिले तर तिथे दोन निरनिराळ्या गोष्टी निघतात. संघ टिकला कशामुळे हा एक प्रश्न आहे आणि जिंकला कशामुळे हा दुसरा. दोघांचं उत्तर एक नाही.

जिंकलेले संघही जातात

आधी टिकण्याचं पाहू, कारण दुय्यम लीगमध्ये खरी दुर्मीळ गोष्ट तीच आहे.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर मोनार्क्स संघानं जून २०१५ मध्ये एएचएलचा कॅल्डर चषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात संघ उचलून कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारियो शहरात नेण्यात आला. मालक होता एनएचएलमधला लॉस एंजेलिस किंग्ज. तयार होणारी पोरं देशाच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्यापेक्षा तासाभराच्या अंतरावर असलेली बरी, असा साधा हिशेब. त्या एका उन्हाळ्यात असे पाच संघ कॅलिफोर्नियात हलले. चषक होता की नव्हता, कुणी विचारलं नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनची कथा आणखी बोलकी आहे. लोकसंख्या सुमारे ४८,०००, म्हणजे हर्शीच्या तिपटीहून जास्त. १९७७ ते २०२१ या काळात या शहरानं एएचएलमध्ये पाच नावांचे संघ पाहिले: डस्टर्स, व्हेलर्स, रेंजर्स, सेनेटर्स आणि डेव्हिल्स. यातल्या रेंजर्सनी १९९२-९३ मध्ये ८० सामन्यांत ५७ जिंकले, १३ हरले, १० बरोबरीत सोडवले. एकूण १२४ गुण. एका मोसमात इतके गुण एएचएलमध्ये कुणीच मिळवलेले नाहीत, हर्शीनंसुद्धा नाही. चारच वर्षांनी, १९९७ मध्ये, तो संघ हार्टफर्डला गेला. पुढे सेनेटर्सनी २०११ मध्ये कॅल्डर चषक आणला. २०१७ मध्ये तेही कॅनडातल्या बेलव्हिलला गेले.

आणि ९ चषकवाला तो क्लीव्हलंड बॅरन्स? १९७२-७३ चा मोसम चालू असताना मध्येच तो फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला हलवला गेला. बर्फावरच्या खेळाचा संघ फ्लोरिडात! तिथे तो लवकरच बंद पडला.

म्हणजे विक्रमी गुण, चषक, मोठं शहर, यातल्या कशानंही संघ जागेवर राहिला नाही. असे संघ बहुधा का जातात, हे पाहिलं तर कारणं ठरावीक आहेत. स्टेडियम एकाचं, संघ दुसऱ्याचा, खेळाडू तिसऱ्याचे. भाड्याचा करार संपला की तिघांपैकी कुणाला तरी दुसरीकडे बरा भाव मिळतो. उपाहारगृहाची कमाई कुणाची, गाड्या लावण्याचे पैसे कुणाचे, यावरून खटके उडतात. संघ जिंकत असला तरी हे तिन्ही हिशेब जुळतातच असं नाही.

एकाच खिशातला पैसा

हर्शीत यातले दोन हिशेब एकाच वहीत आहेत.

मिल्टन हर्शी या कारखानदारानं पेनसिल्व्हेनियाच्या दुधदुभत्याच्या पट्ट्यात १९०५ मध्ये चॉकलेटचा कारखाना सुरू केला आणि त्याभोवती गाव वसवलं. घरं, ट्राम, बाग, सगळं कंपनीचं. १९०९ मध्ये त्यानं आणि त्याच्या पत्नीनं अनाथ मुलांसाठी शाळा काढली. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. १९१८ मध्ये त्यानं कंपनीतली आपली मालकी या शाळेच्या न्यासाच्या नावावर करून टाकली. त्या वेळी तिची किंमत ६ कोटी डॉलरच्या घरात धरली जात होती. गावातली बाग, हॉटेल, करमणूक असला चॉकलेटखेरीजचा पसारा १९२७ पासून वेगळ्या कंपनीकडे आला. तीच आजची हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स. तिच्यामागेही तोच न्यास. हॉकीचा संघ तिचा, स्टेडियम तिच्या ताब्यात, शेजारचं करमणूक उद्यानही तिचं, पाहुणे उतरतात ती मोठी हॉटेलंही तिचीच.

यातून काय होतं ते पाहा. सामन्याला आलेलं कुटुंब तिकीट काढतं, खातंपितं, गाडी लावतं, एखाद्या वेळी रात्री मुक्कामही करतं. बाकीच्या शहरांत या पैशाला चार वाटेकरी असतात. इथे तो शेवटी एकाच खिशात जातो. हॉकीच्या वहीत एखाद्या वर्षी तोटा दिसला तरी हॉटेलच्या वहीत तो भरून निघू शकतो. आणि न्यासाची शाळा त्याच गावात असल्यामुळे संघ उचलून दुसऱ्या राज्यात नेण्यात मालकाला काहीच मिळवायचं नाही. चषकांचं कपाट रिकामं असतं तरी हा संघ हर्शीतच राहिला असता, असं माझं मत आहे.

गावात हॉकीचा पहिला सामना फेब्रुवारी १९३१ मध्ये झाला, तोही महाविद्यालयीन आणि हौशी मंडळींचा. तो लोकांना आवडला म्हणून पुढच्या वर्षी संघ उभा राहिला. चॉकलेटच्या वडीवरून त्याचं नाव ‘बार्स’ ठेवलं होतं. ही उघड जाहिरातबाजी आहे अशी न्यूयॉर्कच्या क्रीडा पत्रकारांनी ओरड केली, तेव्हा १९३६ मध्ये ते ‘बेअर्स’ झालं. पोशाखाचा तपकिरी रंग मात्र चॉकलेटचाच राहिला आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

त्याच १९३६ सालातली इमारत मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. महामंदी ऐन भरात होती. मजूर रिकामे, सिमेंट-लोखंड स्वस्त. मिल्टन हर्शीनं या दिवसांत गावात बांधकामांचा धडाका लावला होता आणि त्यातच बर्फाचं मोठं स्टेडियम काढलं. आराखडा अँटन टेडेस्को या जर्मन-ऑस्ट्रियन वळणाच्या तरुण अभियंत्याचा. त्यानं काँक्रीटचं पातळ कवच कमानीसारखं वाकवून छत केलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे २२० फूट, मध्ये एकही खांब नाही, आणि काँक्रीटची जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम साडेतीन इंच. अमेरिकेत एवढ्या मोठ्या आकाराचं असं छत त्याआधी झालेलं नव्हतं. काम सुरू झालं मार्चमध्ये आणि डिसेंबरात आत बर्फावर सामना खेळला गेला. आसनं ७,२८६. तेव्हाच्या हर्शीची सगळी वस्ती आत बसवली तरी जागा उरली असती.

गंमत अशी की या इमारतीतला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग हॉकीचा नाहीच. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेननं इथेच बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्यानं १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. म्हणजे ३,१६२ खुर्च्या रिकाम्या होत्या.

बेअर्स या छताखाली १९३८-३९ ते २००१-०२ असे लीगचे ६४ मोसम खेळले. ऑक्टोबर २००२ पासून ते जवळच बांधलेल्या जायंट सेंटरमध्ये गेले. १०,५०० आसनं, म्हणजे जुन्यापेक्षा ३,२१४ जास्त. आताच्या वेळापत्रकात घरचे सामने ३६. तेवढ्यांचा हिशेब धरला तर एका मोसमात विकायला १,१५,७०४ तिकिटं जास्त. आणि ती खपतात. या स्टेडियमात आल्यापासून लीगच्या सरासरी उपस्थितीच्या यादीत हर्शीचं नाव सतत वरच्या ओळीत असतं.

इथे एका आकड्यापासून सावध राहायला हवं. १०,५०० ला १३,८५८ नं भागलं की ७६ टक्के येतात, आणि ‘तीन-चतुर्थांश गाव सामन्याला’ असा मथळा आयता तयार होतो. तो खोटा आहे. प्रेक्षक फक्त हर्शीचे नसतात. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत आहे, लॅन्कॅस्टर, लेबनन, यॉर्क ही गावंही फार लांब नाहीत, आणि हर्शी ज्यात येतं त्या डॉफिन काउंटीचीच लोकसंख्या २०२० मध्ये २,८६,४०१ होती. भागाकाराला हाच आकडा घेतला तर भरलेलं स्टेडियम म्हणजे काउंटीच्या ४ टक्क्यांहून कमी माणसं. गाव छोटं हे खरं, पण संघाचा परिसर छोटा नाही.

चषक कधी आले

आता जिंकण्याकडे येऊ. १३ चषकांची वर्षं अशी: १९४७, १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८०, १९८८, १९९७, २००६, २००९, २०१०, २०२३, २०२४. जुन्या स्टेडियमच्या ६४ मोसमांत ८, नव्याच्या २३ मोसमांत ५. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये चषक दिला गेला नाही, म्हणून नव्याचे २१ च धरायचे.

वरवर पाहता वेग दुप्पट झाला: आधी ८ वर्षांत एक, आता ४ वर्षांत एक. पण खरा फरक याहून कितीतरी मोठा आहे. लीगमध्ये संघ किती होते ते पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

हर्शी आली तेव्हा संघ ८ होते. पन्नाशीच्या दशकात ते ६-७ वर आले, साठीत ७ ते ९ राहिले, ऐंशीच्या दशकात वाढत गेले. २००१ मध्ये प्रतिस्पर्धी इंटरनॅशनल हॉकी लीग बंद पडली, तिचे ६ संघ इकडे आले आणि एकदम २७ झाले. आज ३२. समजा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून विजेता ठरवला असता. सहा संघांत हर्शीची चिठ्ठी निघण्याची शक्यता सहात एक, बत्तिसांत बत्तिसात एक. अशा सगळ्या वर्षांच्या शक्यता मिळवत गेलं की नुसत्या नशिबानं किती चषक यायला हवे होते ते कळतं. माझ्या ढोबळ बेरजेत जुन्या ६४ मोसमांसाठी उत्तर ६ ते ७ च्या दरम्यान येतं. प्रत्यक्षात आले ८. म्हणजे हर्शीचा संघ चांगला होता, पण दंतकथा व्हावी एवढा नाही. सतत हजर राहिला, म्हणून त्याच्या वाट्याला आले.

नव्या स्टेडियमच्या २१ चषकांसाठी तीच बेरीज १ च्याही आत, ०.७ च्या आसपास राहते. आणि आले ५. योगायोगानं अपेक्षित होते त्याच्या सातपट.

तर मग नवं स्टेडियम, जास्त तिकिटं, जास्त पैसा हेच उत्तर का? तेही पुरतं नाही. नव्या इमारतीतले पहिले तीन मोसम कोलोरॅडो ॲव्हलांचशी जोडी होती. गर्दी हीच, खुर्च्या ह्याच, चषक शून्य. २००५ मध्ये कोलोरॅडोनं आपली पोरं मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला नेली आणि हर्शीत वॉशिंग्टन कॅपिटल्स आले. पाचही चषक त्यानंतरचे आहेत.

वॉशिंग्टन मोटारीनं दोन-अडीच तासांवर. सकाळी बोलावलेला खेळाडू संध्याकाळी वर खेळू शकतो. त्यामुळे कॅपिटल्सना आपली सगळ्यात चांगली पोरं इथे ठेवायला परवडतं. पण नुसत्या पोरांवर चषक येत नाही. एएचएलचा नियम असा की गोलरक्षक वगळून मैदानात उतरवायच्या १८ जणांपैकी १३ जण ‘घडणारे’ असले पाहिजेत. यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या आत आणि एकाचे ३२० च्या आत. उरल्या ५ जागा अनुभवी खेळाडूंच्या. ३२ संघांना १३ पोरं वरून मिळतात, ती प्रत्येकाला मिळतात. फरक पडतो या ५ जागांवर कोण येतं त्यानं. दहा हजार माणसांसमोर, चांगल्या मोबदल्यावर, चषकाच्या आशेनं खेळायला मिळत असेल तर तिशीतला खेळाडू हर्शीला आधी पसंती देतो. गावाची पुण्याई कामाला येते ती इथे, या पाच खुर्च्यांपुरती.

याचा उलटा पुरावाही याच काळात आहे. २०११ ते २०२२ मध्ये चषक १० वेळा दिला गेला आणि हर्शीला एकदाही मिळाला नाही. २०१६ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे लेक ईरी मॉन्स्टर्सनी ४-० असं धुतलं. गर्दी तेव्हाही होती, मालक तोच, वॉशिंग्टनही तेच. पण २०१० च्या विजेत्या संघातले ब्रेडन होल्टबी, जॉन कार्लसन आणि जे बीगल केव्हाच वर गेले होते, आणि २०१८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला त्याचा पहिला स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचा चषक, मिळवून दिला. वॉशिंग्टनच्या दृष्टीनं ही व्यवस्था उत्तम चालली होती. हर्शीच्या दृष्टीनं ती तेरा वर्षांची वाट होती. दुय्यम संघाच्या चाहत्याला ही तक्रार करताही येत नाही.

चार आकड्यांची ओळ

आइस हॉकीच्या गुणतक्त्यात संघाची कामगिरी अशी लिहितात: ५३-१४-०-५. हर्शीच्या २०२३-२४ च्या मोसमाची ही ओळ. पहिला आकडा विजय, दुसरा साठ मिनिटांत झालेले पराभव, तिसरा जादा वेळेतले पराभव, चौथा शूटआउटमधले. विजयाला २ गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी १. म्हणून ५३ चे १०६ आणि ५ चे ५, एकूण १११. ७२ सामन्यांत मिळू शकणारे गुण १४४. भागाकार ०.७७१.

आता २००९-१० ची ओळ: ६०-१७-०-३, सामने ८०, गुण १२३. साठ विजय हा लीगचा विक्रम आहे. त्याच मोसमात घरच्या मैदानावर सलग २४ सामने जिंकले. भागाकार ०.७६९. म्हणजे विक्रमी मोसमापेक्षा २०२३-२४ चा मोसम तसूभर सरस ठरतो, आणि बिंगहॅम्टन रेंजर्सचा १९९२-९३ चा ०.७७५ दोघांच्याही पुढे. रेंजर्स बाद फेरीत दुसऱ्याच टप्प्यावर गळाले. साठ विजयांचा विक्रम मात्र आता मोडणं कठीण आहे, कारण मोसम ८० वरून ७२ सामन्यांवर आला. साठ गाठायचे तर सहात पाच सामने जिंकायला हवेत.

दोन्ही ओळींत तिसरा आकडा शून्य आहे, हे मला फार आवडतं. दोन मोसम, १५२ सामने, आणि जादा वेळेतल्या गोलानं एकही पराभव नाही.

उलट टोकाला १९७९-८० आहे. त्या वर्षी मोसम चालू असतानाच, तेव्हाही जोडीदार असलेल्या वॉशिंग्टननं प्रशिक्षक गॅरी ग्रीन यांना वर बोलावून घेतलं. वय २६, एनएचएलच्या इतिहासातला सगळ्यात तरुण मुख्य प्रशिक्षक. मागे राहिलेल्या हर्शीनं ३५ जिंकले, ३९ हरले, ६ बरोबरीत. जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त. बाद फेरीत तोच संघ चषक घेऊन बाहेर पडला. आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, जोडी फिलाडेल्फिया फ्लायर्सशी असताना, बाद फेरीच्या तिन्ही लढती ४-० अशा जिंकल्या. बारा सामने, बारा विजय. एएचएलमध्ये असं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

आणि २०२३ ची अंतिम फेरी. समोर कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला, जन्माला येऊन एकच मोसम झालेला संघ. सात सामन्यांचे निकाल हर्शीच्या बाजूनं असे: ०-५, ०-४, ४-०, ३-२, १-०, २-५, ३-२. गोलांची बेरीज करा. हर्शी १३, कोचेला व्हॅली १८. पाच गोलांनी मागे राहून चषक जिंकला. वाळवंटातल्या चार सामन्यांत हर्शीनं ५ गोल केले आणि १६ खाल्ले. घरच्या तीनमध्ये ८ केले आणि फक्त २ दिले. सातवा सामना परक्या मैदानावर जादा वेळेत गेला आणि माइक वेकियोनेच्या गोलानं सुटला. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि हर्शीनं ४-२ अशी मालिका घेतली. हाही निकाल जादा वेळेतल्या गोलानंच.

एक मोसमसुद्धा नाही

दुय्यम लीगचा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो तो थोर खेळाडूंच्या आकड्यांत. विली मार्शल हा एएचएलच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा. कारकिर्दीतली बरीच वर्षं हर्शीत. एएचएलमध्ये १,२०५ सामने, ५२३ गोल, ८५२ गोलसाहाय्य, एकूण १,३७५ गुण. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिलं जाणारं पारितोषिक आज त्याच्याच नावाचं आहे. एनएचएलमध्ये तो खेळला ३३ सामने.

माइक निकोलक हर्शीकडून ९७२ सामने खेळला. संघात दुसऱ्या कुणाचे इतके नाहीत. एनएचएल सामने ३२. फ्रँक मॅथर्स १९५६ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आले आणि वेगवेगळ्या खुर्च्यांवरून १९९१ पर्यंत, ३५ वर्षं, हर्शीचा कारभार पाहत राहिले. १९९२ मध्ये त्यांना हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. एनएचएल सामने २३.

तिघांची बेरीज ८८. एनएचएलचा एक मोसम ८२ सामन्यांचा असतो. ज्यांचे क्रमांक हर्शीनं पुन्हा कुणाला द्यायचे नाहीत असं ठरवलं, अशा तीन माणसांनी मिळून वरच्या दर्जात एका माणसाच्या सव्वा वर्षाएवढीही हॉकी खेळलेली नाही. त्यांच्या काळात एनएचएलमध्ये संघ होते फक्त ६ आणि जागा शंभर-सव्वाशे. दार अरुंद होतं, म्हणून खालच्या लीगचा दर्जा उंच होता.

आज दार रुंद झालंय, पण ख्रिस बोर्क पाहा. एनएचएलचा महान बचावपटू रे बोर्क याचा मुलगा. हर्शीबरोबर तीन कॅल्डर चषक, २०१०च्या बाद फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, २०१५-१६ मध्ये ८० गुण आणि संपूर्ण लीगचा मानकरी. एनएचएल सामने ५१. वरच्या लीगचा किमान वार्षिक पगार २०२३-२४ मध्ये ७,७५,००० डॉलर होता आणि एएचएलचा किमान पगार त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. तेव्हा ५१ की ५०० हा फरक मानाचा जितका, तितकाच पैशाचा आहे.

हर्शीचा एक आकडा मात्र खेळाडूंशी संबंध नसलेला आहे, आणि अलीकडे चषकांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते. वर्षातल्या एका ठरलेल्या सामन्यात बेअर्सनी पहिला गोल केला की प्रेक्षक आणलेली कापडी खेळणी बर्फावर फेकतात. मैदान अस्वलांनी, सशांनी, हत्तींनी झाकून जातं, खेळ थांबतो, स्वयंसेवक फावड्यांनी आणि ढकलगाड्यांनी ढीग उपसतात. खेळणी मोजून परिसरातल्या सेवाभावी संस्थांना दिली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये ती भरली ४५,६५०. २०२२ मध्ये ५२,३४१. २०२३ मध्ये ६७,३०९, २०२४ मध्ये ७४,५९९, आणि जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३.

खुर्च्या सगळ्या वर्षी त्याच १०,५००. म्हणजे माणशी सव्वाचार खेळण्यांवरून पावणेदहावर. एका माणसाच्या दोन हातांत दहा अस्वलं मावत नाहीत. ती पोत्यांतून येतात, आणि पोती आधीपासून शाळांत, दुकानांत, कचेऱ्यांत भरत असतात. आधीच्या वर्षाचा आकडा माहीत असणं हेच पुढच्या वर्षीच्या वाढीचं मोठं कारण आहे. दानाचा विक्रम होऊ लागला की दानही स्पर्धेच्या नियमांनी वाढतं. त्यात वाईट काही नाही. खेळणी मुलांपर्यंत पोचतातच. पण हा आकडा गर्दीच्या प्रेमाचं माप म्हणून वाचू नये. प्रेम पाच वर्षांत सव्वादोन पटीनं वाढलेलं नाही.

त्याचं माप काढायचंच असेल तर जोड्या बदलल्या ती वर्षं पाहावीत. १९८४ मध्ये वॉशिंग्टन गेलं, फिलाडेल्फिया आलं. १९९६ मध्ये फिलाडेल्फिया गेलं, कोलोरॅडो आलं. २००५ मध्ये कोलोरॅडो गेलं, वॉशिंग्टन परतलं. प्रत्येक वेळी खेळाडूंची जवळजवळ सगळी फळी एका उन्हाळ्यात बदलली. काल ज्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडलो तो आज समोरच्या संघातून उतरतोय, असं झालं. यातल्या प्रत्येक जोडीनं हर्शीला निदान एक चषक दिला: पहिल्या वॉशिंग्टननं १९८० चा, फिलाडेल्फियानं १९८८ चा, कोलोरॅडोनं आल्याआल्या १९९७ चा, परतलेल्या वॉशिंग्टननं पहिल्याच मोसमात २००६ चा. वॉशिंग्टनशी असलेला आजचा करार कधी ना कधी पुन्हा वाटाघाटीला येईल. त्यात तो तुटला तर पाच चषकांचा वेग राहणार नाही, हे वरच्या बेरजा सांगतात. जायंट सेंटरची तिकीट खिडकी मात्र ऑक्टोबरात उघडलेली असेल.